पेत्र आणि केफा

प्रश्न : बायबलमध्ये ‘पेत्र’ आणि ‘केफा’ ही दोन माणसे आहेत का? नावाचा अर्थ काय? – एक वाचक, यवत

उत्तर : माणूस एकच, शिमोन नावाचा कोळी. येशूने त्याला ‘केफा’ म्हटले. अरामी भाषेत त्याचा अर्थ खडक. ग्रीकमध्ये लिहिताना शेवटी ‘स’ जोडून ‘केफास’ झाले. योहानाच्या पहिल्या अध्यायात (१:४२) या नावाचा ग्रीक अर्थही तिथेच दिला आहे : पेत्रोस.

खरी गंमत लिंगाची आहे. ग्रीकमध्ये खडक म्हणजे ‘पेत्रा’, पण तो शब्द स्त्रीलिंगी. पुरुषाला तो कसा चालणार? म्हणून पुल्लिंगी ‘पेत्रोस’. मत्तयाच्या १६:१८ मध्ये दोन्ही रूपे शेजारी येतात. त्यावरून ‘पेत्रोस म्हणजे लहान दगड, पेत्रा म्हणजे कातळ’ असा भेद काही जण काढतात. मला तो पटत नाही. अरामीत दोन्हीकडे ‘केफा’च येतो.

हे नाव विभक्तीप्रमाणे बदलते : षष्ठीत पेत्रू, द्वितीयेत पेत्रोन, हाक मारताना पेत्रे. मराठीने ‘ओस’ हा प्रत्यय सोडून ‘पेत्र’ घेतले आणि त्याला आपले प्रत्यय लावले : पेत्राने, पेत्राला, अरे पेत्रा!

तुमच्या जवळच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला. तो मिळाला तर ही दोन वचने त्यात जरूर पाहा.