न दिसणाऱ्या मालाचा सौदा : न्यू साउथ वेल्सच्या घोडेवाल्यांकडून एक धडा

कापड, चामडे, लोखंड किंवा अत्तर विकणारा दुकानदार माल ग्राहकासमोर ठेवतो. ग्राहक तो हाताळतो, पारखतो आणि मग पैसे मोजतो. परंतु काही धंदे असे आहेत की पैसे आज ठरतात आणि माल वर्षभराने दिसतो, कधी दिसतही नाही. अशा धंद्यात उभय पक्षांचा विश्वास कसा टिकतो, हे समजण्यासाठी आम्ही आज एक जुना व्यवसाय अभ्यासासाठी घेत आहोत. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत, हंटर नदीच्या खोऱ्यात, खानदानी घोडे पैदाशीसाठी दिले जात. त्या व्यवहाराच्या अटी व्यापारी बांधवांनी लक्षपूर्वक वाचाव्यात.

धंद्याची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात मुळात घोडा नव्हता. १७८८ साली इंग्रजांचा पहिला जहाजांचा ताफा सिडनीला पोहोचला, तेव्हा वाटेत केप ऑफ गुड होप येथे घेतलेले मोजकेच घोडे त्यात होते. पुढे इंग्लंडमधून थरोब्रेड आणि स्कॉटलंडमधून ओढकामाचे क्लाइड्सडेल घोडे आले. आपल्या देशातूनही अरबी घोडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून गेलेला हेक्टर नावाचा अरबी घोडा तेथील पैदाशीचा एक मोठा आधारस्तंभ मानला जातो.

सिडनीच्या उत्तरेस हंटर खोऱ्यात वोनारुआ या मूळ रहिवाशांची भूमी होती. १८२० नंतर ती गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात गेली. नदीकाठी गहू, मका आणि लसूणघास पिकू लागला. मेटलंड हे या भागाचे बाजाराचे गाव. तेथे १८४३ साली 'मेटलंड मर्क्युरी' हे वृत्तपत्र निघाले. दरवर्षी वसंत ऋतूच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून, त्यात पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिराती येत.

शेतकऱ्याला नांगराला आणि गाडीला घोडा लागे, घोडागाडी चालवणाऱ्याला लागे, शर्यतवाल्याला लागे. शिवाय १८४० च्या दशकापासून हिंदुस्थानातील लष्करासाठी तेथून घोडे जहाजाने कलकत्ता आणि मद्रासकडे येऊ लागले. न्यू साउथ वेल्सवरून त्या घोड्यांना 'वेलर' हे नाव पडले. बसरा आणि कुवेतकडून मुंबईत येणाऱ्या अरबी घोड्यांच्या व्यापाऱ्यांना हा नवा प्रतिस्पर्धी होता. म्हणून जाहिरातवाला आपल्या घोड्याची संतती हिंदुस्थानच्या बाजारात चालेल, असेही आवर्जून सांगे.

जाहिरातीत काय असे?

पहिली गोष्ट वंशावळ. बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. इंग्लंडमध्ये थरोब्रेड घोड्यांची वंशनोंदवही १७९१ पासून छापली जात होती. ऑस्ट्रेलियाची स्वतःची नोंदवही १८७८ साली निघाली. छापील नोंदवही असली की बढाई मारणाऱ्याला पकडणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट कामगिरी. शर्यतीचा घोडा असेल तर जिंकलेल्या शर्यती, ओढकामाचा असेल तर कृषी प्रदर्शनातील बक्षिसे. तिसरी आणि सर्वांत वजनदार गोष्ट संतती. अमक्या शेतावर याची शिंगरे उभी आहेत, जाऊन पाहा, असे सांगणाऱ्याची बाजू भक्कम. बाथर्स्टजवळील लीहोम येथे जॉर्ज ली यांच्या शेतावर १८६३ साली जन्मलेल्या 'द बार्ब' या घोड्याने १८६६ चा मेलबर्न कप आणि १८६८ व १८६९ चे सिडनी कप जिंकले. अशी एक विजयी संतती दहा वर्षांच्या जाहिरातीपेक्षा अधिक बोलते.

यानंतर घोडा कोठे मिळेल, ते लिहिलेले असे. थरोब्रेड घोडा बहुधा मालकाच्या शेतावर राही आणि घोड्या तेथे आणल्या जात. ओढकामाचा घोडा मात्र मोतद्दारासह गावोगाव फिरे. सोमवारी अमुक खानावळीपाशी, मंगळवारी तमुक शेतावर, असा आठवड्याचा ठरलेला फेरा छापला जाई. नांगर सोडून घोडी दूर नेणे गरीब शेतकऱ्याला परवडत नसे. मालकाने हे ओळखले आणि सेवा त्याच्या दारी नेली.

दर आणि अटी

दर गिनीत सांगत. गिनी म्हणजे २१ शिलिंग. साध्या घोड्याची फी दोन-तीन गिनी, नामांकिताची त्याहून कितीतरी जास्त. मोतद्दाराचे अडीच ते पाच शिलिंग वेगळे. घोडी तेथे चरायला ठेवली तर कोठे कुरण फुकट, कोठे आठवड्याला ठरलेले भाडे.

अटी साधारण अशा असत. घोडी परत नेण्यापूर्वी पैसे चुकते करावेत, किंवा कापणीनंतर जानेवारीत अमुक तारखेपर्यंत द्यावेत. एकाच मालकाच्या दोन किंवा अधिक घोड्या असतील तर सवलत. शर्यत जिंकलेली घोडी किंवा विजेत्या घोड्याची आई असेल तर कधी फुकट, कारण तिच्या पोटी चांगले शिंगरू आले तर नाव घोड्याचेच होणार. घेतल्या जाणाऱ्या घोड्यांची संख्या मर्यादित. आणि जवळपास प्रत्येक जाहिरातीत एक वाक्य असे : सर्व काळजी घेऊ, पण जबाबदारी घेणार नाही.

जोखीम कोणाची?

येथेच या धंद्याचे मर्म आहे. घोडी साधारण एकवीस दिवसांच्या अंतराने माजावर येते. पहिल्या वेळी गाभण राहिली नाही तर पुन्हा आणावी लागते. राहिली तर शिंगरू सुमारे अकरा महिन्यांनी. मधल्या काळात घोडी गाभडू शकते, शिंगरू मेलेले जन्मू शकते, कुरणात घोडीचा पाय मोडू शकतो.

समजा एका शेतकऱ्याने दोन घोड्या नेल्या. दर घोडीमागे फी तीन गिनी म्हणजे ६३ शिलिंग, मोतद्दाराचे ५ आणि सहा आठवड्यांच्या चराईचे ६ शिलिंग. एकूण ७४ शिलिंग. दोघींचे १४८, म्हणजे ७ पौंड ८ शिलिंग. एक घोडी रिती राहिली तर हाती आलेले एकच शिंगरू त्याला ७ पौंड ८ शिलिंगांना पडले. शिवाय रित्या घोडीचे वर्ष वाया गेले ते निराळेच. लहान शेतकऱ्यासाठी ही रक्कम थोडी नव्हती. फीच्या वसुलीसाठी मालकांना कधी न्यायालयाची पायरी चढावी लागे, त्याचे मूळ बहुधा याच ठिकाणी असे. एक म्हणे, मी सेवा दिली. दुसरा म्हणे, मला शिंगरू मिळाले नाही.

चतुर मालकांनी यावर उपाय काढले. कोणी रित्या राहिलेल्या घोडीला पुढील हंगामात फुकट घोडा देई. कोणी दोन दर ठेवी : हमीशिवाय कमी, गाभण राहण्याच्या हमीसह जास्त. म्हणजे जोखीम कोण उचलणार हे ग्राहकाने आधीच निवडायचे. आज हंटर खोऱ्यात स्कोन गावाभोवती थरोब्रेडचे मोठे पैदास-फार्म आहेत. तेथील करारांत जिवंत शिंगराची अट आढळते. शिंगरू स्वतःच्या पायांवर उभे राहून दूध प्यायले, तरच फी पक्की.

शरीयतची दृष्टी

हा प्रश्न अरबस्तानातील घोडे-उंटवाल्यांसमोर त्याआधी बारा शतके आला होता. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची रिवायत आहे की, नराच्या जोडीचे मोल घेण्यास रसूलुल्लाह (स.) यांनी मनाई केली. तिरमिजीतील हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत बनू किलाबच्या एका माणसाने विचारले की, आम्ही नर देतो आणि लोक आम्हांला भेट देतात, त्याचे काय? तेव्हा भेटीची मुभा दिली गेली. बहुसंख्य फुकहांनी या धंद्याची उजरत नाजायज मानली आहे. त्यांनी दिलेले कारण व्यापाऱ्याने समजून घ्यावे : फळ देणे मालकाच्या हाती नाही आणि ज्याचे मोल घ्यायचे ते अज्ञात आहे. मालिकी फुकहांनी मात्र ठराविक मुदत किंवा ठराविक वेळा निश्चित केल्यास परवानगी दिली, कारण मग मोल फळाचे नसून कामाचे होते. आम्ही येथे फतवा देत नाही. ज्यांच्याकडे वळू, रेडा किंवा बोकड आहे, त्यांनी आपापल्या उलेमांना विचारावे.

आपल्यासाठी धडे

१. आपण नेमके काय विकतो ते ठरवा : श्रम, काळजी की परिणाम? मोटार दुरुस्त करणारा मेहनतीचे पैसे घेतो की गाडी चालू होण्याचे, हे काम हाती घेण्यापूर्वी ग्राहकाला कळले पाहिजे.

२. दराचे सगळे तुकडे आधी सांगा. मोतद्दाराचे अडीच शिलिंगसुद्धा छापले जात. शेवटी निघणारा वरचा खर्च ग्राहक वर्षानुवर्षे विसरत नाही.

३. जबाबदारी नाही, ही पाटी लावून अमानत संपत नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना हलगर्जी झाली, तर पाटी आड येऊ नये.

४. आपले जुने काम हीच वंशावळ. कारागिराने ते दाखवता येईल असे जपावे आणि खोटी बढाई टाळावी.

५. ग्राहकाचे नुकसान झाले तर पुढच्या वेळी काय देणार, हे सौद्याच्या दिवशीच लिहून ठेवा. भांडणानंतर दिलेली सवलत माघार वाटते, आधी लिहिलेली सवलत विश्वास वाढवते.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार आणि ट्रॅक्टर आले आणि ओढकामाच्या घोड्याचा फेरा हळूहळू बंद पडला. पण ज्याचे फळ आज दिसत नाही असा सौदा आपल्याकडे रोज होतो. शिलाईची ऑर्डर, घराचे बांधकाम, मुलाच्या प्रशिक्षणाची फी, हे सर्व त्याच जातीचे व्यवहार आहेत. ज्याने अटी स्वच्छ लिहिल्या, त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्या हंगामातही आला. आपल्या दुकानाच्या पावतीवर काय लिहिले आहे, ते या आठवड्यात एकदा वाचून पाहा.