पावसाची वही व विद्यापीठाचें दूरस्थ दप्तर

गेल्या वर्षीं आमच्या गांवच्या एका बागाइतदारांनीं आपल्या घरच्या पर्जन्यमापकाच्या 41 वर्षांच्या वह्या माझ्या स्वाधीन केल्या. माझी पुतणी कृषि विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यास करिते. पेरणीनंतर पावसाची उघडीप किती दिवसांची व कोणत्या आठवड्यांत पडते, हा तिचा विषय. तेव्हां आंकडे उतरवून देण्याचें काम ओघानेंच मजकडे आलें. माझें आयुष्य तहशिलीच्या दप्तरांत गेलें, संगणकाशीं ओळख अलीकडची. तथापि हें नवें दप्तर कसें मांडावें तें मला शिकावें लागलें. ज्यांचीं मुलें विद्यापीठांत आहेत, अगर ज्यांच्या फडताळांत अशा वह्या पडून आहेत, त्यांस त्याची माहिती असावी म्हणून हा लेख लिहीत आहें.

या दप्तरास क्लाउड नोटबुक म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. परंतु शेतकऱ्यानें त्यापासून पावसाची आशा धरूं नये! अर्थ इतकाच कीं, हिशेब करणारें यंत्र आपल्या घरीं नसून दूर कोठें तरी कंपनीच्या इमारतींत असतें, व आपण तें इंटरनेटवरून वापरतों. नोटबुक ही कप्प्यांची वही होय. एका कप्प्यांत साध्या भाषेंतील टिपण, दुसऱ्यांत हिशेबाची आज्ञा व तिच्या खालींच उत्तर. ज्युपिटर नांवाचा प्रकल्प 2014 सालीं निघाला. ज्युलिया, पायथन व आर या तीन संगणकी भाषांवरून त्याचें नांव पडलें. त्याच धर्तीचें कोलॅब गूगल कंपनीनें 2017 सालीं सर्वांस खुलें केलें. गूगलचें खातें असल्यास तें विनामूल्य वापरतां येतें, आणि आम्हीं तेंच घेतलें. उत्तराशेजारीं त्याची रीत राहते, हा या वहीचा मोठा गुण. पुतणीचे मार्गदर्शक आपल्या खोलींत बसून तोच हिशेब पुन्हा चालवून पाहूं शकतात.

मांडणीचा आरंभ वहीपासून नव्हे, तर मूळ आंकड्यांपासून करावा. गूगल ड्राइव्हवर एक कपाट करून त्यांत तीन खण करावे: मूळ, काम व निकाल. मूळ खणांत वहीच्या पानांचीं छायाचित्रें व उतरविलेला तक्ता ठेवावा, आणि त्यास पुन्हा हात लावूं नये. सात-बारावरील नांव कोणी खोडून बदलीत नाहीं. आधीं फेरफाराची नोंद होते, ती प्रमाणित होते, मग बदल होतो. तीच शिस्त येथें पाळावी. चूक सांपडल्यास मूळ तक्ता तसाच ठेवून दुरुस्ती वहींतील निराळ्या कप्प्यांत, कारणासह, लिहावी.

वहीच्या पहिल्या कप्प्यांत आंकडे कोणाचे, कोणत्या मापाचे व कोणत्या वेळीं घेतलेले, हें लिहावें. हवामान खात्याची नोंद सकाळीं साडेआठ वाजतां घेतात व ती मागील 24 तासांची असते. घरच्या वहींत पुष्कळदां पाऊस पडला त्याच दिवसाची तारीख असते. दोन्ही एकत्र केल्यास एका दिवसाचा फरक पडतो, आणि उघडिपीचे दिवस मोजणाऱ्यास तो फरक लहान नाहीं.

दुसऱ्या कप्प्यांत ड्राइव्ह जोडण्याची आज्ञा द्यावी. यंत्र परवानगी मागतें. हें मीं प्रथम केलें नाहीं, आणि फसलों. हिशेबाचें यंत्र उसनें असतें. विनामूल्य वापरांत तें जास्तींत जास्त 12 तास चालतें, कांहीं वेळ हात न लावल्यास त्याआधींच बंद होतें, आणि बंद होतांच त्याच्या पोटांत ठेविलेल्या फाईली पुसल्या जातात. वही मात्र ड्राइव्हवर शिल्लक राहते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मीं सात वर्षांचा दुरुस्त तक्ता त्या उसन्या यंत्रावरच ठेवून जेवावयास गेलों व तसाच निजलों. सकाळीं वही होती, तक्ता नव्हता.

याहून घातक चूक पुढें झाली. बागाइतदारांच्या वडिलांच्या हातचीं पानें इंच व सेंटांत होतीं, पुढचीं मिलिमीटरांत. 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याप्रमाणें गुणण्याची आज्ञा मीं लिहिली आणि नजरचुकीनें तो कप्पा दोनदां चालविला. 2 इंचांचे 50.8 मिलिमीटर व्हावयाचे, ते 1290 झाले. एवढा पाऊस एका दिवसांत आमच्याकडे पडत नाहीं, म्हणून हें लक्षांत आलें. परंतु 4 सेंटांची भुरभुर, म्हणजे 1 मिलिमीटर, ती 25.8 होऊन बसली होती. हा आंकडा कोणासहि खरा वाटला असता. खात्याच्या व्याख्येप्रमाणें 2.5 मिलिमीटर वा अधिक पाऊस पडल्यास तो पावसाचा दिवस. अशा रीतीनें कोरडे दिवस ओले ठरले असते व उघडीप कागदावरून नाहींशी झाली असती. यास्तव बदललेलें माप नेहमीं नव्या रकान्यांत लिहावें, जुना रकाना तसाच ठेवावा. आणि उत्तर कोणास देण्यापूर्वीं सत्र नव्यानें सुरू करून सर्व कप्पे वरून खालीं एकदां क्रमानें चालवावे. तशी आज्ञा रनटाइमच्या यादींत आहे.

कोरी जागा व शून्य यांत भेद ठेवावा. शून्य म्हणजे पाऊस नाहीं. कोरें म्हणजे नोंद नाहीं. पायथनमधील पांडास हें साधन कोऱ्या जागा सोडून बेरीज करितें व तक्रार करीत नाहीं. महिन्याचे 11 दिवस कोरे असले तरी बेरीज पूर्ण महिन्याची भासते. म्हणून प्रत्येक बेरजेशेजारीं नोंदीचे दिवस किती तें मांडावें. पांडासची आवृत्तीहि लिहून ठेवावी, कारण कंपनी तीं साधनें वेळोवेळीं बदलते. चित्रप्रक्रियेचें वेगळें यंत्र मागूं नये. पावसाच्या हिशेबास साधें पुरतें.

वही दुसऱ्यास दाखवितांना तीन प्रकारचे अधिकार देतां येतात: पाहण्याचा, शेरा देण्याचा व बदल करण्याचा. बदलाचा अधिकार आम्हीं पुतणीसच ठेविला, मार्गदर्शकांस शेऱ्याचा दिला. बागाइतदारांस पाहण्याचा दिला, कारण आंकडे त्यांचे. तक्त्यांत त्यांचें नांव, गट क्रमांक वा भ्रमणध्वनी घातला नाहीं. केवळ तालुका लिहिला. गहाळ झालेलीं सात वर्षें मीं पुन्हा उतरविलीं, त्यास नऊ दिवस लागले. त्या कामांत जुलैचें एक पान दोन साली जोडलेलें आढळलें. तें मूळ वहींत कोणत्या सालचें, हें बागाइतदारांस विचारून ठरवावयाचें आहे, तोंवर तो कप्पा कोराच ठेविला आहे.