लहानशी जुनी मोटार

वसईहून निर्मळ, आगाशीवरून अर्नाळ्याकडे निघाले, की वाटेत वाड्या लागतात. दोन्ही बाजूंस केळीच्या बागा व मोगऱ्याचे मळे आणि त्यांमधून वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते. समोरून भाजीचा टेम्पो आला, की मोठी मोटार अडून बसते. एखादी जुनी मारुती 800 मात्र अंग चोरून कडेने निघून जाते.

ही मोटार 1983 च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या आधी कितीतरी मुंबईकर पद्मिनीतून फिरत. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या उद्योगाच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होई. पद्मिनीचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरांचे, तर मारुतीचे अवघे 796 चे. शिवाय मारुतीचे वजन साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास. थोडक्या पेट्रोलवर ती दूर जाते, याचे मर्म या हलकेपणात आहे. थांबलेली जड वस्तू हलविण्यास अधिक शक्ती लागते. आणि गावच्या रस्त्यावर तर घडोघडी थांबावे लागते. ब्रेक दाबला, की पेट्रोल जाळून मिळविलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. जितके वजन अधिक, तितका हा तोटाही अधिक.

एका लिटरमध्ये 18 किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस 180 किलोमीटरांना 10 लिटर पुरतात. 9 किलोमीटर धावणारीस 20 लागतात. अर्थात निम्मी काटकसर चालकाच्या पायात असते! चाकांत हवा कमी असेल, किंवा रहदारी तुंबली असताही इंजिन धडधडत ठेवले, तर हलकी गाडीही उधळी ठरते.

जुन्या गाडीचा धनी तिचा प्रत्येक आवाज ओळखतो. थंडीच्या पहाटे चोक ओढून तिला जागे करण्यात त्याला कौतुक वाटते. समुद्राचा खारा वारा पत्रा खातो, म्हणून तो तिचे तळ गोड्या पाण्याने धुतो. पण तिच्यात अपघातात जीव राखणारी हवेची उशी नाही, आणि जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा अधिक घातक असतो, हेही तो जाणतो. 15 वर्षे भरली, की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, सारे पाहिले जाते. तपासणीत उतरली, तर आणखी 5 वर्षांची मुभा मिळते.