कोलोरॅडोत गाव निवडताना: दिवसभर घरी कोण असणार?

कोलोरॅडोत नोकरी ठरली की नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, डोंगर दिसेल असं घर कुठे मिळेल? डोंगर जवळजवळ सगळीकडून दिसतात. फोर्ट कॉलिन्सपासून डेन्व्हरवरून कोलोरॅडो स्प्रिंग्जपर्यंत रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याने एक पट्टा जातो, त्याला इथे फ्रंट रेंज म्हणतात. राज्यातली बहुतेक वस्ती आणि बहुतेक नोकऱ्या याच पट्ट्यात आहेत. तेव्हा डोंगरावरून गाव ठरवू नका. इथे रुळलेल्या आम्हा कुटुंबांचं सांगणं एकच आहे: तुमच्या घरातलं जे माणूस दिवसभर घरी राहणार आहे आणि ज्याला इथे गाडी चालवता येत नाही, त्याचा जानेवारीतला एखादा साधा मंगळवार कसा जाईल, ते डोळ्यांसमोर आणा आणि मग गाव निवडा.

हे माणूस म्हणजे बहुधा एच-४ व्हिसावर आलेली पत्नी, आणि पुढे सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील. नोकरी करणाऱ्याला ऑफिस असतं, मुलांना शाळा असते. घरी राहणाऱ्याला काम करण्याची परवानगी आणि ड्रायव्हिंग लायसन्स मिळेपर्यंत चालत जाता येईल तेवढंच गाव असतं. ऐसपैस घर मिळालं म्हणून लांबच्या नव्या वसाहतीत गेलेली आणि वर्षभरात परत आत सरकलेली कुटुंबं आमच्या ओळखीत आहेत. कारण दर वेळी तेच: दूध आणायलाही संध्याकाळची वाट पाहावी लागत होती.

म्हणून पहिलं वर्ष भाड्याने राहा. नोकरी डेन्व्हरच्या दक्षिणेला टेक सेंटर भागात असेल, तर लाइट रेलच्या स्टेशनांजवळची अपार्टमेंट आधी बघा. आय-२५ महामार्गाला लागून ही लाइन लोन ट्रीमधल्या रिजगेटपर्यंत जाते, त्यामुळे गाडीशिवाय डेन्व्हरच्या मध्यवर्ती भागात जाता येतं, आणि तिथून विमानतळाची गाडी मिळते. दक्षिण-पूर्वेला ऑरोरा आणि सेंटेनियल. ऑरोरा अनेक देशांतल्या लोकांचं शहर आहे. नव्याने आलेल्याला तिथे परकं वाटत नाही, आणि भाडी बोल्डरच्या मानाने बरीच आवाक्यात असतात. ऑरोराचा बराच भाग आणि सेंटेनियलचा काही भाग चेरी क्रीक शाळा-जिल्ह्यात येतो. आपली बरीच कुटुंबं त्यासाठीच तिथे घर शोधतात. हायलँड्स रँच आणि पार्कर ही मोकळी, शांत गावं. चालण्याच्या पायवाटा सुरेख आहेत, पण घरी दुसरी गाडी आणि दुसरा चालवणारा असेल तरच तिथे सुख आहे.

नोकरी उत्तरेला असेल तर बहुतेकांच्या मनात बोल्डर असतं. विद्यापीठ, हवामान आणि अणुघड्याळांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळा, सायकलींचे रस्ते, चालत फिरता येणारं गाव. घरी असणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं गाव या राज्यात नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं. पण घरं फार महाग आहेत. म्हणून लोक लुईसव्हिल, सुपीरियर, लाफायेट, ब्रूमफील्ड इकडे वळतात. बोल्डर-डेन्व्हर मार्गावर बसची सोय चांगली आहे. रेल्वेच्या भरवशावर मात्र घर घेऊ नका: 2004 साली मतदारांनी मंजूर केलेली बोल्डरची लाइन अजून वेस्टमिन्स्टरच्या पुढे गेलेली नाही.

शाळेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. या राज्यात आपल्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेतही प्रवेश मागता येतो, त्याला ओपन एनरोलमेंट म्हणतात. जागा असेल तर प्रवेश मिळतो, पण ने-आण सहसा पालकांनाच करावी लागते. अर्ज साधारण हिवाळ्यातच मागवतात, उन्हाळ्यात येणाऱ्यांची ती मुदत हुकते. म्हणजे गाडी न चालवणारं माणूस घरी असेल, तर आपल्याच हद्दीतली, चालत जाता येईल अशी शाळा सगळ्यात मोलाची.

आता उंची. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास. कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि कॅसल रॉक तर सहा हजार फुटांच्याही वर आहेत. तरुणांना चार दिवस दम लागतो, डोकं दुखतं, मग सवय होते. आई-वडिलांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर तिकीट काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला आणि पहिल्या आठवड्यात त्यांना वर डोंगरात नेऊ नका. हवा इतकी कोरडी असते की तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावं लागतं. पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळीला कुकर हवाच, आणि त्यातही एखादी शिट्टी जास्त.

घर विकत घेताना ड्राइव्हवे कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. पूर्वेचं दार शोधणाऱ्यांनी ते जरूर शोधावं, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या ड्राइव्हवेवर बर्फ आठवडाआठवडा गोठून राहतो, आणि दक्षिणेकडचा उन्हाने लवकर मोकळा होतो. घरात वयस्क माणसं असतील तर या एका गोष्टीवर घर नाकारावं, इतकी ती महत्त्वाची आहे. डेन्व्हरमध्ये घरासमोरचा फुटपाथ बर्फ थांबल्यापासून 24 तासांत साफ करावा लागतो, तेही ध्यानात ठेवा.

इथली माती पाणी शोषून फुगते आणि घराच्या पायाला तडे पाडते, विशेषतः डोंगरालगतच्या भागात. नव्या घराबरोबर मातीचा अहवाल देणं विकणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो मागून घ्या आणि वाचा. जमिनीतून घरात झिरपणाऱ्या रेडॉन वायूची चाचणी कधीही टाळू नका. राज्यातल्या साधारण निम्म्या घरांत त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आढळतं, आणि आपले आई-वडील बहुधा तळघरातल्या खोलीतच झोपतात. पंख्याची नळी बसवून तो बाहेर काढता येतो.

गारपिटीसाठी गाडीला छप्पर हवं, आणि घराच्या विम्यात गारांच्या नुकसानीतला आपला वाटा किती ते विचारा. तो अनेकदा घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यांत असतो. वणवा फक्त जंगलातल्या घरांना गाठतो असं समजू नका. 30 डिसेंबर 2021 रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने भडकलेल्या मार्शल आगीत सुपीरियर, लुईसव्हिल आणि आसपासची हजाराहून जास्त घरं एका दिवसात जळाली, आणि ती शहरी वसाहतीतली होती. पुन्हा बांधायला पुरेल एवढी विम्याची रक्कम नाही, हे अनेकांना नंतर कळलं. दरवर्षी ती तपासा.

राहिली पट्ट्याची दोन टोकं. फोर्ट कॉलिन्स छोटं, प्रेमळ विद्यापीठाचं गाव आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांत नोकरी असेल तर बिनधास्त जा. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये घरं डेन्व्हरपेक्षा स्वस्त आहेत, पण तिथल्या बऱ्याच नोकऱ्या लष्कराशी निगडित आणि फक्त अमेरिकी नागरिकांसाठी खुल्या असतात. आणि एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना आहे ती नोकरी गेली, तर दुसरी साठ दिवसांत शोधायची असते. तिथे घर घेण्याआधी घरच्यांना समोर बसवून हे सांगा.