दोराला हात लावील त्याचा वाटा

मालवण

चि. बाळा यास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या क्रीडा महोत्सवाची जबाबदारी यंदा तुझ्याकडे आली, हे तुझ्या आईकडून समजलं. पट चौदाचा, कबड्डीला सात आणि खो-खोला नऊ लागतात, मग लहान-मोठ्या गटाचे संघ उभे कसे करू, ही तुझी काळजी मला पुरती कळते. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांचं आता हेच दुखणं आहे. केंद्राच्या आणि पुढे तालुक्याच्या स्पर्धांना जे जातील ते जातील. पण शाळेत जो दिवस तू भरवशील, त्यात चौदाच्या चौदा पोरं खेळली पाहिजेत.

एवढ्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. शाळेतल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी चषकाच्या मागे लागून मी लंगडीच्या संघातून एका मुलीला वगळलं. पायाने जरा मंद होती. आम्ही जिंकलो. सामना संपल्यावर बघते, तर तिने सगळ्या जणींच्या चपला मैदानाच्या कडेला जोडीजोडीने लावून ठेवलेल्या आणि स्वतः त्यांच्या राखणीला बसलेली. पोरी नाचत आल्या, चपला पायात सरकवून निघून गेल्या. ती मला काही बोलली नाही. तिला खेळवायला हवं होतं, बाळा. ते मला अजून लागतं.

लहानपणी तू देवबागला रापण ओढायला धावायचास. दोराला हात लावला की पोरासोरांनाही वाट्याची चार मासळी मिळायची. कोणी किती जोर लावला, हे कोणी विचारायचं नाही. महोत्सव तसा भरव.

आणि गावाला नुसतं बघायला बोलावू नकोस, कामाला बोलाव. शाळेमागचा कुणगा भात कापून मोकळा झाला असेल, तो मालकाकडे आठ दिवस आधी माग. धसकटं उपटायला, ढेकळं फोडायला, जांभ्याचे खडे वेचायला बायाबापयांना हाक मार. अनवाणी पोराच्या तळव्यात धसकट घुसलं की त्याचा दिवस तिथेच संपतो. फक्की सुतळी ताणून मार आणि त्याच सकाळी मार. आदल्या संध्याकाळी मारलीस तर दवाने फिसकटते. तारीख ठरवण्याआधी गावची जत्रा कधी आहे ते विचार. रात्रभर दशावतार बघून आलेल्या पोरांना सकाळी शंभर मीटर धावायला लावणं बरं नव्हे.

नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या जाणत्या माणसाला दे. पोरांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की गाव आपसूक जवळ येतं. भाषणं दोनच ठेव, पोरं उन्हात उभी असतात. तुला बोलायला सांगितलं तर खाशाबा जाधवांची गोष्ट सांग. १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या जिवावर खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. पोरांना पदक सांग, पण गहाण पडलेलं घर आधी सांग.

मुंबईचे चाकरमानी दरवर्षी चषक देऊ म्हणतात. त्यांचं मन मोडू नकोस, पण यंदा चषकाऐवजी चौदा जोड बूट माग. मापं आत्ताच घेऊन ठेव.

तारीख पक्की झाली की कळव. कोकम सरबताचं माझ्याकडे लागलं.

तुझी,
आत्या