सगळं एकीच्या डोक्यात नको

ताईंनो, "कोणाकडे किती बाकी?" असं बैठकीत विचारलं, की बऱ्याच गटांत एकच ताई बोलते, "मन्हा डोकामा समदं शे." हिशोब बरोबरही असतो. पण ती महिनाभर लेकाकडे सुरतला गेली तर? गटाचं काम अडतं. म्हणून या अंकातला पाठ माहिती व्यवस्थेवर. शब्द मोठा आहे, पण वस्तू ओळखीच्याच : इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्जाची खातेवही, प्रत्येकीचं पासबुक. पंचसूत्रीतलं 'नियमित लेखे' ते हेच.

पण नुसती नोंद म्हणजे ज्ञान नाही. "जूनमध्ये १०,००० रुपये कर्ज दिले", ही नोंद. आता तीन वर्षांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. पारोळा-अमळनेरकडे कोरडवाहू कपाशी असेल तर बियाण्यासाठी मागणी जूनमध्ये येते, कापसाचा पैसा मात्र दसरा-दिवाळीनंतर. मधले हप्ते थकलेले दिसले, तर ती बाई बेजबाबदार नाही. आपण हप्ताच चुकीच्या महिन्यात लावलाय! मग गट ठरवू शकतो, की पेरणीच्या कर्जावर दिवाळीपर्यंत फक्त व्याज घ्यायचं. दरमहा १ टक्का धरला तर १०,००० ला १०० रुपये. मुद्दल नंतर. हा ठराव इतिवृत्तात लिहिला, की पुढच्या अध्यक्षताईला तो आयता मिळतो. रावेर-यावलला केळीच्या मजुरीवर चालणाऱ्या गटाला मात्र हा नियम उपयोगाचा नाही. त्यांनी आपली वही बघावी.

आता लोकोस ॲप. उमेदच्या गटांचे व्यवहार त्यात भरले जातात. काही ताई म्हणतात, ॲप आलं, आता वही कशाला? मला हे पटत नाही. ॲपला आपण भरलं तेवढंच कळतं. ५०० च्या जागी ५० पडले, तर वेळेवर हप्ता भरणारी ताई थकबाकीदार दिसते. बँक कर्ज देताना गटाची परतफेड बघते, आणि मग भांडणं सुरू होतात. पासबुकात त्याच बैठकीत नोंद झालेली असेल तर गोष्ट दोन मिनिटांत मिटते.

तर पुढच्या बैठकीत सीआरपी ताईला मोबाईलमधली प्रत्येकीची बाकी मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येकीने आपलं पासबुक उघडून ताडून बघा. जिला वाचता येत नाही तिच्याशेजारी वाचणारी बसवा, हे विसरू नका. फरक निघाला तर तारीख टाकून इतिवृत्तात लिहा, आणि ॲपमध्ये दुरुस्ती झाली की नाही हे त्याच्या पुढच्या बैठकीत विचारा.