जेंबे नाही, हलगी आहे ना!

प्रश्न : लातूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. मुलांना जगभरचे ताल ऐकवायचे, वाजवायला द्यायचेत. पण जेंबे हे आफ्रिकी ढोल घ्यायला पैसे नाहीत. सुरुवात कशी करू?

उत्तर : बाई, वाद्यांची यादी आधी बाजूला ठेवा. मुलांना गोल उभं करून पायांनी एक ते आठ मोजत चालवा आणि टाळी फक्त 1, 4 आणि 7 वर द्यायला सांगा. झाली तीन-तीन-दोनची विभागणी! पश्चिम आफ्रिका आणि क्युबाच्या संगीतात ती जागोजागी भेटते. त्याच आठ मात्रांत मग कहरवा म्हणवून घ्या : धा गे ना ती, न क धी ना. आकडे तेच, झुलणं वेगळं. मुलांना ते सांगावं लागत नाही. पुढे सात मात्रांचा रूपक (तीन-दोन-दोन) आणि बल्गेरियातलं रुचेनित्सा नृत्य (दोन-दोन-तीन) शेजारी ठेवा. इथे गोंधळ उडतो, उडू द्या.

वाद्यं गावातच आहेत. हलगीवादकाला वर्गात बोलवा, मानधन देऊनच. पावसाळ्यात सैल पडलेलं कातडं तो शेकून कसं ताणतो, हा विज्ञानाचाही तास. नांदेडकडचे शिक्षक माहूरच्या गोंधळ्यांचं संबळ आणि माळेगावच्या जत्रेतल्या वाघ्यांची दिमडी सहज जोडू शकतील. हे सगळं स्नेहसंमेलनात सादर करण्याचा आग्रह मात्र पहिल्या सत्रात नको.